गरिबाची पत
(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवप्रसंगी पूर्वजांचा गौरव करावा आणि मागील वर्षांचा हिशेब गोड शब्दांत सांगावा, असा प्रघात आहे. मी आज एक न फिटलेले देणे सांगणार आहे; आणि ते माझे आहे.

तीन वर्षांपूर्वी वैशाखात आपल्यातील एक विधवा भगिनी माझ्याकडे आली. सुकी मासळी विकून ती दोन मुलांना शिकविते. पावसाळ्यापूर्वी बोंबील भरून ठेवावे, आणि दर्या बंद झाल्यावर चार पैसे अधिक घेऊन विकावे, असा तिचा बेत होता. ती म्हणाली, "फादर, दहा हजार उसने द्या, मोतमाउलीच्या सणाआधी फेडते." मी गरिबांच्या पेटीतून दोन हजार काढून तिच्या हातावर ठेविले व आशीर्वाद दिला. उसने दिले असते तर वही ठेवावी लागली असती, आठवण द्यावी लागली असती, प्रसंगी कटुता आली असती. दान केले की देणारा मोकळा होतो. "मला दान नको होते, फादर," एवढेच ती बोलली.

पुढे तिने एका कंपनीच्या पाच बायकांच्या गटातून कर्ज घेतले. हप्ता दर आठवड्याचा, आणि तो दुसऱ्याच आठवड्यापासून सुरू! बोंबील अजून माळ्यावर गोणीत, आणि वसुलीचा माणूस दारात. गटातील चौघींनी तीन हप्ते आपल्या पदरचे भरले. चौथ्यास शब्द वाढले. या चौघी मंदिरात तिच्याच बाकावर बसणाऱ्या. मिस्सेत शांतीची खूण देताना त्यांच्याकडे वळावे लागेल, म्हणून ती रविवारी येईनाशी झाली. मला हे सर्व फार उशिरा कळले.

बंधुजनहो, गरिबास कर्ज देणे हे ख्रिस्तसभेस अपरिचित कार्य नव्हे. इ. स. १४६२ मध्ये इटलीतील पेरूजा नगरात फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेने 'मोंते दि पिएता', म्हणजे दयेची रास, या नावाची पेढी निघाली. गरिबाने एखादी वस्तू गहाण ठेवावी आणि थोडी रक्कम न्यावी. यावर मोठा वाद माजला. बिनव्याजी दिले तर कारकुनाच्या वेतनातच रास आटून जाईल, असे फेल्त्रेचे बर्नार्दिन यांचे म्हणणे. कितीही थोडे घेतले तरी ती व्याजखोरीच, असे काही डॉमिनिकन पंडितांचे. अखेर १५१५ साली, पोप दहावे लिओ यांच्या कारकिर्दीत, पाचव्या लॅटरन धर्मसभेने निर्णय दिला की, नफा न करिता केवळ खर्चापुरते घेण्यास दोष नाही.

परंतु ज्याच्याजवळ गहाण ठेवण्यासही काही नाही, त्याने काय करावे? याचे उत्तर जर्मनीतील रायफायझेन यांनी १८६४ साली हेडेसडोर्फ येथे दिले. (ते प्रॉटेस्टंट होते, सत्कृत्यास पंथ विचारू नये.) क्षेत्र लहान ठेवावे, सभासदांनी एकमेकांस ओळखावे, आणि सर्वांच्या कर्जास सर्वांनी बांधून घ्यावे. येथे गहाण पडतो तो शेजाऱ्याचा विश्वास. हीच पद्धत फादर हॉफमन या येशूसंघीय धर्मगुरूंनी १९०९ साली छोटा नागपुरात आदिवासी ख्रिस्ती जनांसाठी आणिली. आणि १९१८ साली आपल्या वसईत मोन्सेन्योर मोनिस यांनी कॅथलिक पतसंस्था स्थापिली, जी आज मोठी सहकारी बँक आहे.

बांगलादेशात प्रोफेसर युनूस यांनी १९७६ साली जोब्रा गावच्या बेचाळीस लोकांस मिळून अवघे सत्तावीस डॉलर दिले, त्यातून पुढे ग्रामीण बँक उभी राहिली, ही कथा आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. गट वाईट, असे मी मुळीच म्हणत नाही. नाबार्डने १९९२ पासून बँकांशी जोडलेले बचत गट आधी स्वतःची बचत करितात, मग कर्ज मागतात. तेथे पेटी बायकांची असते. मात्र जेथे जामीनकी शेजारणींची आणि नफा परक्यांचा, तेथे ओळखीचाच चाबूक होतो. आंध्र प्रदेशात २०१० साली हेच विकोपास जाऊन सरकारला वटहुकूम काढावा लागला. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. नियम चांगला आहे. परंतु बोंबील कधी विकले जातात हे नियमास कसे कळावे? ते तुम्हांस कळते.

त्या भगिनीने कंपनीचे कर्ज मुलीच्या कानांतील सोने मोडून फेडिले. यंदा ती आपल्या पतपेढीकडे अर्ज करीत आहे. हप्ते पावसाळ्यात सुरू व्हावेत अशी विनंती चिटणीसांनी मान्य केली आहे. दोन जामीनदार हवेत. महागुरुस्वामींशी विचारविनिमय केल्यावाचून धर्मगुरूने जामीन राहू नये, असा ख्रिस्तसभेचा कायदा आहे. मी त्यांना विचारले असते. पण माझी सही झाली तर ते पुन्हा दानच व्हावयाचे, आणि तो बाक रिकामाच राहावयाचा.

अर्जावर पहिली सही त्याच चौघींपैकी एकीने काल रात्री येऊन केली. दुसरी जागा कोरी आहे. सभा आटोपल्यावर मी सॅक्रिस्तीत बसलेला असेन. अर्ज माझ्याजवळ आहे.