मागच्या डिफरन्शियलचं झाकण घरी उघडताना

न्यू टाउन, कोलकात्याहून बोलतोय. आजचा विषय जुन्या जीपवाल्यांसाठी आहे, कारण हल्लीच्या बहुतेक मोटारींमध्ये ताकद पुढच्या चाकांना जाते. त्यांना मागे डिफरन्शियल नसतंच.

महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. त्या घराण्यातल्या जीपच्या मागच्या ॲक्सलला मागून पत्र्याचं झाकण असतं, दहा बोल्टांवर बसवलेलं. आधी वाकून आपल्या गाडीचे बोल्ट बघा. आमच्या बंगालमध्ये मानेभंजनहून संदकफूला जुन्या लँड रोव्हर जातात. त्यातल्या बहुतेकींचं मागचं झाकण वेल्ड केलेलं असतं, आतला गोळा पुढून काढावा लागतो. तिथे मागे छिन्नी लावणारा शहाणाही मी पाहिलाय!

उघडायचं कशासाठी? इथे पावसाळ्यात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं, मुंबई-पुण्यालाही ते नवीन नाही. चालून तापलेला ॲक्सल पाण्यात शिरला की एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. ॲक्सलच्या नळीवर श्वासासाठी ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला असेल तर पाणी सीलमधून शिरतं. तेलात पाणी मिसळलं की ते दुधाळ होतं, चहासारखं दिसतं. असं तेल बेअरिंगला सांभाळत नाही. भरायचा प्लग उघडून बोट घाला, रंग तिथेच कळेल.

आता जे नीट ऐकायला हवं ते. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागे एक छोटा ड्रम असतो, तो प्रोपेलर शाफ्टला धरतो. तुम्ही हँडब्रेक ओढला, गिअर टाकला आणि मागचं एकच चाक जॅकवर उचललं. शाफ्ट घट्ट आहे, पण डिफरन्शियल मोकळं आहे. हवेतलं चाक एका दिशेला फिरेल, जमिनीवरचं उलट दिशेला, आणि गाडी चालू लागेल. तुम्ही खाली आडवे! दोन्ही मागची चाकं उचललीत तर तो ब्रेक पुढच्या चाकांना अडवतच नाही.

म्हणून माझं मत असं की नुसतं झाकण काढायला गाडी उचलूच नका. जीप उंच आहे, हात पोचतो. सपाट जागा, चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, फोर-व्हील लावून गिअरमध्ये. क्राउन फिरवून बघायचा असेल तरच दोन्ही बाजू उचला, आणि ॲक्सलखाली पक्के स्टँड हवेत. विटा नकोत, विट फुटते. फिरवताना न्यूट्रल करावं लागतं, तेव्हा गाडी धरून ठेवतात ते पुढचे ठोकळेच.

पहिला नियम, तेल काढण्याआधी भरायचा प्लग सुटतो का ते बघा. तो गंजून अडकला असेल आणि तेल आधीच सांडलंत तर गाडी जागेवर बसली. मग बोल्टांवर तारेचा ब्रश मारा. पाना इंची मापाचा घ्या, मिलिमीटरचा डोकी गोल करतो. सगळे बोल्ट सोडवा, पण वरचे दोन चार आट्यांवर राहू द्या. झाकणाच्या कडेला लाकडी हातोडीने ठोका, ते खालून फाकेल आणि तेल परातीत येईल. सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर घुसवू नका. तिथे एक ओरखडा पडला तरी जन्मभर गळत राहील.

तेल बोटांवर चोळून पाहा. राखाडी, पिठासारखी बारीक भुकटी चालते, ती झिजेची आहे. टोचणारे तुकडे लागले, दात तुटलेला दिसला किंवा बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे खड्डे असले, तर घरचं काम इथे थांबलं. बेअरिंगच्या कॅपना घरी हात लावू नका. त्या ज्या बाजूच्या त्याच बाजूला, त्याच तोंडाने बसायला हव्यात. क्राउन-पिनियनमधला खेळ शिमने जुळवलेला असतो, तो मोजायला डायल गेज लागतो. उत्साहाच्या भरात तिथे पाना घालणारे फौजेतही होते.

सगळं ठीक असेल तर दोन्ही तोंडं साफ करा, जुन्या पॅकिंगचा कणही ठेवू नका. झाकण वाकलं असेल तर सपाट करा. नवं पॅकिंग, बोल्ट समोरासमोर थोडे थोडे कसत. ई. पी. ९० तेल प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा, साधारण सव्वा लिटर. ब्रीदर काढून डिझेलने धुवा, नाहीतर पुढच्या पावसात हेच पुन्हा करावं लागेल. पाणी ॲक्सलपर्यंत चढलं होतं तर चाकांची बेअरिंगही बघून घ्या.

जुनं तेल गटारात ओतू नका. इथली गटारं कालव्यांना मिळतात, आणि शेजारी पूर्व कोलकात्याची पाणथळ भूमी आहे, २००२ पासून रामसर यादीतली. तिथले लोक त्या पाण्यात मासे पिकवतात. डबा भरून तेल घेणाऱ्याला द्या. पन्नासेक किलोमीटर गाडी चालवलीत की झाकणाखाली कोरडं फडकं फिरवा आणि बोल्ट परत एकदा बघा.