मार्थेची बाजू

ख्रिस्ती घरातल्या स्वयंपाकाचा विषय निघाला की बहुतेकांना नाताळचा फराळ आठवतो. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन घरांतल्या फुग्या, उन्हाळ्यात भाजून-कुटून बाटल्यांत ठासून भरलेला बाटली मसाला. हे सारं रुचकर आहेच. पण चर्चमध्ये घडतो तो धर्म आणि घरात शिजतं, शिवलं जातं ती नुसती चालरीत, अशी वाटणी आपण नकळत करून बसलो आहोत. मला ती मान्य नाही. चुलीपाशी उभी राहणारी, सुईदोरा हाती धरणारी कॅथलिक गृहिणी श्रद्धा शिकवत असते, आणि तिचं हे शिकवणं प्रवचनापेक्षा कमी मोलाचं नाही.

याचा एक पुरावा विचित्र ठिकाणी सापडतो. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं. या धर्मन्यायालयाने 1736 मध्ये एक हुकूमनामा काढून ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या अनेक जुन्या चालींवर बंदी घातली. त्यांत अंगणातली तुळस होती, लग्नातली गाणी होती आणि भात बिनमिठाचा शिजवून मीठ मागाहून घालण्याची पद्धतसुद्धा होती. भातातलं मीठ हा न्यायालयाचा विषय झाला! तो हुकूम अन्यायाचाच होता, त्याचं समर्थन कुणी करू नये. मात्र एक गोष्ट त्या अधिकाऱ्यांना पक्की कळली होती. माणसाचा धर्म त्याच्या पातेल्यात उतरलेला असतो, आणि तिथून तो हुकमाने निघत नाही. तसा तो निघालाही नाही. गोव्यात आजही नव्या भाताची कणसं चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करतात, आणि मुंबई-वसईकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा होतो तोही नव्या पिकाचाच सण. शेतकऱ्याची जुनी कृतज्ञता नव्या श्रद्धेत सामावली गेली. ती सामावून घेणाऱ्यांत धर्मगुरूंबरोबर घराघरांतल्या बायकाही होत्या.

आता उपवासकाळाकडे पाहा. चर्चचा नियम अगदी थोडक्यात आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपवास. तो सज्ञान झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत पाळायचा. मांस वर्ज्य करण्याचा नियम मात्र वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यापासूनच लागू होतो. मासळीला बंदी नाही. आता किनाऱ्यावरच्या माणसाला मटणाऐवजी पापलेट खायला सांगितलं तर तो कसला त्याग? नियमाची अक्षरं पाळून उपवासाचा जीव घालवणं इथे फार सोपं आहे. ते होऊ द्यायचं की नाही, हे रोज सकाळी बाजाराची पिशवी उचलणारी व्यक्ती ठरवते. शुक्रवारी पेज आणि चटणी करायची, वाचलेले पैसे कुणाच्या तरी औषधाला द्यायचे, आणि हे का करतो ते मुलांना दोन वाक्यांत सांगायचं. प्रायश्चित्त म्हणजे काय याचा धडा असा पोटातून शिकला जातो. हा निर्णय घेणारीला धर्म कळतो, एवढं तरी आपण मान्य करायला हवं.

हस्तकलेचंही तसंच आहे. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेल्या पात्यांचे क्रॉस विणून घरात ठेवतात, आणि जुनी वाळलेली पाती जाळून पुढच्या राखेच्या बुधवारची राख करतात. बोटांना हे विणकाम येत असेल तर वर्षाचं हे चक्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वेदीवरच्या वस्त्राची क्रोशाची किनार, बाप्तिस्म्याचं झबलं, नाताळचा गोठा, या वस्तूंना कुणी सजावट म्हणेल. पण बायबल तसं म्हणत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत यापो गावच्या टबीथेची कथा आहे. ती वारली तेव्हा गावातल्या विधवा रडत रडत पेत्राला तिने शिवलेले कपडे दाखवू लागल्या. टबीथेचं एकही वचन त्या पुस्तकात नोंदलेलं नाही. तिचं शिष्यपण ज्यांनी अंगावर घातलं, त्यांनीच तिच्यासाठी साक्ष दिली.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप शुभवर्तमानातूनच येतो. लूकच्या दहाव्या अध्यायात मार्था कामात बुडालेली, मरिया प्रभूंच्या पायाशी बसलेली, आणि प्रभू येशू म्हणतात की मरियेने चांगला वाटा निवडला. मग स्वयंपाकघराची बाजू घ्यायची कशी? मला वाटतं, हा उतारा आपण अर्धवट वाचतो. प्रभूंनी मार्थेला दोष दिला तो तिच्या तगमगीबद्दल. रांधणं सोड, असं ते म्हणालेले नाहीत. योहानाच्या अकराव्या अध्यायात हीच मार्था येशू हा ख्रिस्त, देवाचा पुत्र असल्याची कबुली देते, आणि पुढच्याच अध्यायात बेथानीच्या जेवणात ती पुन्हा वाढताना दिसते. या वेळी तिला कुणी टोकत नाही. पुनरुत्थानानंतर तर प्रभूंनी स्वतः सरोवराच्या काठी निखाऱ्यांवर मासळी भाजून शिष्यांना न्याहारीला बोलावलं. 29 जुलै हा दिवस पूर्वी एकट्या मार्थेच्या स्मरणाचा होता. 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने त्यात तिची बहीण मरिया आणि भाऊ लाजर यांचीही नावं आली. ऐकणं आणि वाढणं एकाच घरातलं आहे, ही गोष्ट चर्चच्या दिनदर्शिकेतही आता लिहिलेली आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो, कारण तो खरा आहे. चुलीला पावित्र्याचा मुलामा दिला की बाईला तिथेच डांबून ठेवायला नवं निमित्त मिळतं. असं घडलेलं आहे आणि घडतंही. पण म्हणून त्या कामाचं मोल नाकारणं हा उपाय नव्हे, कारण मग बाईच्या आजवरच्या श्रमांची दुसऱ्यांदा उपेक्षा होते. हे काम श्रद्धेचं असेल तर ते फक्त बाईचं कसं असेल? नवऱ्याने आणि मुलग्यांनी त्यात हात घातला नाही, तर एका साधनेला तेच मुकतात. आणि नोकरी करून दमून आलेल्या बाईने नाताळचा फराळ विकत आणला तर तिची श्रद्धा उणी पडते, असंही मी मुळीच म्हणत नाही. तिने सगळं केलं पाहिजे असं नाही. घरातल्या सगळ्यांनी मिळून एखादी गोष्ट हाताने करावी, ती कशासाठी हे जाणून करावी, एवढं पुरे.

धर्मग्रामांनीही यात वाटा उचलायला हवा. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्नोत्तरं पाठ होतात, ती व्हावीतच. पण त्या वर्गात गावातल्या आजींना बोलवावं. त्यांनी मुलगे आणि मुली दोघांनाही झावळीचा क्रॉस विणायला शिकवावं, उपवासाच्या शुक्रवारी घरात काय शिजतं आणि का, हे सांगावं. आणि तो तास हस्तकलेचा न समजता हजेरीच्या वहीत धर्मशिक्षणाचा म्हणूनच लिहावा.