डिक्शनरीतली बारीक अक्षरे

युरोपात द्राक्षे पाठवणाऱ्या आपल्या नाशिक जिल्ह्यात इंग्रजी आता कचेरीपुरती उरलेली नाही, ती शेताच्या बांधावर आली आहे. फळांत उरलेल्या फवारणीच्या अंशाचा, म्हणजे रेसिड्यूचा, रिपोर्ट इंग्रजीत, खरेदीदाराचा ईमेल इंग्रजीत. निफाड-दिंडोरीकडचा एखादा मराठी माध्यमात शिकलेला तरुण अशा कागदात ‘यील्ड’ हा शब्द बघतो आणि इंग्रजी-मराठी डिक्शनरी उघडतो. तिथे अर्थ ओळीने मांडलेले असतात : उत्पन्न देणे, शरण जाणे, नमणे, सोडून देणे. द्राक्षबाग कुणाला शरण जाणार? तो पहिला अर्थ उचलतो आणि वाचण्यापुरते काम भागते. पण उद्या त्यालाच उत्तर लिहायचे असेल तर? यील्ड ‘हाय’ म्हणायची की ‘बिग’? ‘पर एकर’ लिहायचे की ‘इन एकर’? त्या ओळीत याचा पत्ता नसतो.

पत्ता असतो तो लर्नर्स डिक्शनरीत. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलली जात नाही अशा माणसांसाठीच ही डिक्शनरी रचलेली असते, आणि तिचा जन्मही अशाच माणसांच्या वर्गात झाला. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याला होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना नेमके कुठे अडते, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले. १९३५ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर जो कोश काढला, त्यात सुमारे २४ हजार नोंदी होत्या आणि त्या सगळ्या समजावल्या होत्या अवघ्या १,४९० सोप्या शब्दांत. दुसरे ए. एस. हॉर्नबी. ते १९२४ मध्ये जपानला शिकवायला गेले. तिथल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी दोन सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, टोकियोला छापला गेला. १९४८ मध्ये तोच ऑक्सफर्डने काढला. आज दुकानात दिसणारी जाडजूड ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ ही त्याचीच वारस. पुढे १९७८ मध्ये लाँगमनने सुमारे दोन हजार शब्दांत सगळ्या व्याख्या बसवल्या. म्हणजे ते दोन हजार शब्द ज्याला येतात, त्याला बाकीची डिक्शनरी वाचता येते.

जाता जाता एक गंमत सांगतो. मराठीत शिकाऊ माणसासाठी मोठा कोश झाला तो १८३१ साली, मोल्सवर्थचा. पण त्यातला शिकाऊ होता साहेब! त्याला आपली भाषा हवी होती, म्हणून शास्त्री मंडळी कामाला बसवली गेली. आपण मात्र इंग्रजी शिकताना बहुतेक वेळा परीक्षेपुरती पॉकेट डिक्शनरी घेऊन समाधान मानतो.

आता मुख्य मुद्दा. लर्नर्स डिक्शनरी उघडली की डोळा थेट अर्थावर जातो आणि आजूबाजूची बारीक अक्षरे आपण ओलांडून पुढे जातो. खरा माल तिथेच असतो. ‘डिस्कस’ बघा. मराठीत आपण एखाद्या विषयावर किंवा विषयाबद्दल चर्चा करतो, म्हणून इंग्रजीतही सहज ‘डिस्कस अबाउट’ लिहून जातो. डिक्शनरीत या क्रियापदापुढे ते सकर्मक असल्याची छोटीशी खूण असते. मध्ये ‘अबाउट’ला जागाच नाही. ऑक्सफर्डने तर असे म्हणता येत नाही, अशी स्वतंत्र टीपच दिली आहे. ही चूक फक्त आपलीच नाही, हे त्यांना ठाऊक आहे! तसेच ‘मॅरी’चे. मराठीत अमक्याशी लग्न होते, म्हणून आपण ‘मॅरीड विथ’ म्हणतो. डिक्शनरीतले उदाहरण ‘मॅरीड टू’ सांगते. ‘कोप अप विथ’ हे तर नाशिकपासून नागपूरपर्यंत ऐकू येते. नोंदीत मात्र नुसते ‘कोप विथ’ आहे, ‘अप’ आपण पदरचे घातलेले. ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’ या शब्दांपुढे यू हे अक्षर असते. ते मोजता न येणारे नाम, त्याला एस लावायचा नाही, एवढे ते एक अक्षर सांगून जाते. अर्थ पाठ करून यातले काहीही हाती लागत नाही. पाऊस ‘हेवी’ असतो, चहा ‘स्ट्राँग’ असतो. कोणता शब्द कुणाच्या सोबतीने फिरतो, हे उदाहरणांच्या वाक्यांतून कळते. म्हणून माझा आग्रह असा, की एका शब्दासाठी निदान दोन उदाहरणे मोठ्याने वाचावीत आणि वहीत अर्थाऐवजी स्वतःचे एक वाक्य लिहावे. वाक्य आपल्या कामाचे असावे : बागेचे, दुकानाचे, सातपूर-अंबडच्या कारखान्याचे. रोज वीस शब्द पाठ करणाऱ्यांच्या वह्या मला फारशा पटत नाहीत. तीन शब्द असे लिहिले तरी पुष्कळ झाले.

उच्चाराचेही तेच. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळ्यांत सहलीला जाणारे आपण सगळे ‘वाइनयार्ड’ म्हणतो. डिक्शनरी सांगते, ‘व्हिन्यर्ड’. पहिल्या अक्षराला वरचे दात खालच्या ओठाला लागतात आणि पुढचा स्वर ऱ्हस्व. द्राक्षाची वेल ती ‘व्हाइन’ आणि बाटलीतली ती ‘वाइन’. तिच्यासाठी ओठांचा चंबू होतो. फोनवर परदेशी खरेदीदाराला वेल म्हणायचे असताना दारू ऐकू जाऊ नये, एवढ्यासाठी तरी ती उच्चाराची चिन्हे ओळखीची करून घ्यावीत. डिक्शनरीत त्यांचा तक्ता असतो.

हे सगळे मी विशेषकरून एकट्याने शिकणाऱ्यांसाठी सांगतो आहे. आपल्या शहरात १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आहे. नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकणारी माणसे राज्यभरातून त्याच्याशी जोडलेली आहेत. त्यांना ‘सर, हे असं का?’ असे विचारायला रोज कुणी समोर नसते. रात्री दहा वाजता शंका आली तर बारीक अक्षरेच उत्तर देतात.

इंग्रजी-मराठी डिक्शनरी टाकून द्या, असे मात्र मी म्हणणार नाही. झाडांची, रोगांची, अवजारांची नावे कळायला तीच बरी. तिथे इंग्रजीतली लांबलचक व्याख्या वाचूनही वेल डोळ्यांपुढे येत नाही. नवशिक्याने इंग्रजी-इंग्रजी-मराठी अशी तिहेरी घ्यावी. आठवी-नववीच्या मुलाला ‘ॲडव्हान्स्ड’ आणून देण्याचा हौशी बापांचा मोह आवरावा; त्याच्यासाठी प्रकाशकांच्या सोप्या पायरीच्या आवृत्त्या असतात. विकत घेण्याआधी सार्वजनिक वाचनालयात बसून दोन-तीन चाळून पाहाव्यात. १८४० पासून ते वाचनालय गावात आहे, त्याचा एवढा उपयोग करून घ्यायला हरकत नाही. चाळताना एकच परीक्षा घ्या : तुम्हाला आधीपासून येणारा एक शब्द काढा आणि त्याची व्याख्या वाचा. ती वाचताना दुसरी डिक्शनरी लागली, तर ते पुस्तक तुमच्यासाठी अजून जड आहे. फोनवर ऑक्सफर्ड, केम्ब्रिज, लाँगमन तिन्ही फुकट बघता येतात आणि स्पीकरच्या चित्रावर बोट ठेवले की उच्चार ऐकू येतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानात दहा वर्षांपूर्वीची आवृत्ती मिळाली तरी खुशाल घ्या. ‘यील्ड’ तेव्हाही ‘हाय’च होती.