आतून भिजवणारा रेनकोट

भर पावसात लोहगड उतरून आलात, रेनकोट काढलात, तर शर्ट ओलाचिंब! कोट गळका नव्हता, तो तुमचाच घाम. प्लॅस्टिक वाफ बाहेर सोडत नाही.

१९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणला आणि सूक्ष्म छिद्रांचं पापुद्र्यासारखं पटल मिळालं. थेंब अडतो, वाफ निसटते. 'गोर-टेक्स' ते हेच.

पण गोम अशी, की बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तरच वाफ नीट बाहेर पडते. जुलैतल्या सह्याद्रीत महागडं कापडही हात टेकतं. म्हणून रेनकोट घेताना मी तरी आधी काखेत चेन आहे का ते बघेन. उघडली की वारा आत.

लेबलावर १०,००० मिलिमीटर लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढ्या उंच पाण्याचा दाब कापड सोसतं. शिवणींना आतून पट्टी नसेल, तर तो आकडा फुकट.

सायकलवाल्यांनी दुकानातच हात पुढे करून वाकावं. कंबर उघडी पडली, तर जॅकेट परत ठेवा. चालणाऱ्यांना मानेबरोबर वळणारी टोपी हवी.

आणि हो, धुताना कपडे मऊ करणारं द्रावण टाकू नका. पाणी झटकून टाकण्याचा कापडाचा गुण त्यानं कमी होतो.