उलटी धरलेली वाघीण



मालगाडीच्या डब्याला आपल्याकडे वाघीण म्हणतात. माझ्याकडे अशा साठेक वाघिणी आहेत, सगळ्या अमेरिकन आणि एकही वीतभर लांब नाही. खऱ्या वाघिणीच्या 87 पट लहान, 16.5 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणाऱ्या. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय ज्यांनी पाहिलंय, त्यांना या दुनियेची ओढ सांगावी लागणार नाही.

अमेरिकनच का? तिथं एका कंपनीची वाघीण दुसऱ्या कंपन्यांच्या रुळांवरून देशभर हिंडते. त्यामुळे पूर्वी एकाच मालगाडीत सांता फे, पेनसिल्व्हेनिया, ग्रेट नॉर्दर्न अशी कंपन्यांची नावं एकापाठोपाठ येत. पण जमवताना काळ सांभाळावा लागतो. पूर्वी ब्रेक आवळायला माणसं चालत्या गाडीच्या छपरावरून जात, म्हणून बंद वाघिणींच्या माथ्यावर फळ्यांची वाट असे. 1966 नंतर नव्या वाघिणींवर ती बसवणं थांबलं. माझी गाडी 1950 च्या दशकातली, त्यामुळे फळी नसलेली वाघीण कितीही देखणी असली तरी मी घेत नाही.

विकत आणलेली वाघीण लगेच नीट धावेल असं मात्र नसतं. माझी एक वाघीण एकाच सांध्यावर दर वेळी घसरायची. मी तो सांधा दोनदा उखडून बसवला. शेवटी वाघीण उलटी धरून पाहिली, तर दोन्ही बोग्यांचे, म्हणजे डब्याखालच्या चारचाकी सांगाड्यांचे, स्क्रू सारखेच घट्ट आवळलेले. चार पायांची खुर्ची खडबडीत फरशीवर डुगडुगते, तिपाई डुगडुगत नाही. इथंही तेच. एका बोगीचा स्क्रू इतकाच आवळायचा की ती डावी-उजवीकडे वळेल, पण कलणार नाही. दुसरीचा थोडा सैल ठेवायचा, म्हणजे ती वळेलही आणि कलेलही. डब्याचा भार मग तीन टेकूंवर बसतो आणि रूळ थोडे खालीवर असले तरी आठही चाकं रुळावर राहतात. त्या सांध्यावर ती वाघीण पुन्हा घसरली नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. हलकी वाघीण लांब गाडीच्या मध्ये असली, तर वळणावर ताणानं आत ओढली जाऊन पडते. 1935 साली स्थापन झालेल्या अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस सोपी आहे: या मापाला मूळ एक औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस. साडेपाच इंची वाघिणीला पावणेचार औंस, सुमारे 106 ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा त्याला पुरतो. भर नेहमी तळाशी घालावी, छताला कधीही नाही.

मग कपलर, म्हणजे डबे जोडणारा आकडा. कीथ आणि डेल एडवर्ड्‌स या जुळ्या भावांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेले केडी कपलर मी वापरतो. रुळांमध्ये चुंबक ठेवला की हात न लावता डबे सुटतात. मात्र आकड्याखालची बारीक तार रुळाला घासता कामा नये, आणि सगळ्या आकड्यांची उंची एकच हवी. तेल घालू नका, त्यावर धूळ बसते. चिमूटभर ग्रॅफाइटची पूड पुरे.

तुमच्याकडे घसरते म्हणून कपाटात ठेवून दिलेली एखादी वाघीण असेल, तर आज ती बाहेर काढा, उलटी धरा आणि आधी ते दोन स्क्रू तपासा.