लेखणी खाणारी पोर

वयात आलेली पोर लपूनछपून पाटीची लेखणी कुरतडते, चुलीपुढची माती चाखते, निवडायला घेतलेले तांदूळ कच्चेच तोंडात टाकते. आई हातावर चापट मारते, “घाण सवय!” आमच्या आंजी गावात हे मी कितीतरी घरी पाहिलं.

सतराव्या शतकातल्या इंग्लंडातही अशा पोरी होत्या. खडू नाहीतर कोळसा खायच्या. चेहरा फिक्कट, हिरवट, चार पायऱ्या चढल्या की धाप, पाळी बंद. लोक त्याला ‘हिरवा आजार’च म्हणायचे. जेन शार्प या सुईणीने १६७१ साली सुईणींसाठी पुस्तक लिहिलं, त्या काळातली ही गोष्ट. झाडपाल्याचे काढे होतेच, पण शीर उघडून रक्तही काढायचे. अंगात रक्त नाही, त्याच पोरीचं! आणि खात्रीचं औषध कोणतं, तर लग्न. योहानेस लांगे या जर्मन वैद्याने एका बापाला हाच सल्ला लिहून पाठवला होता, ते पत्र १५५४ साली छापलं गेलं.

“लग्न झालं की होईल बरी,” हे आपल्याकडेही बोलतात. ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. लग्नामागून बाळंतपण येतं, आणि आधीच कमी असलेलं रक्त आणखी उतरतं.

दुखणं लोखंडाच्या कमतरतेचं होतं. ते नाव तेव्हा कोणाला माहीत नव्हतं, तरी थॉमस सिडनहॅम हा इंग्रज डॉक्टर अशा रोग्यांना लोखंड द्यायचा. लोखंडाचा कीस दारूत भिजवून पाजायचीही तेव्हा रीत होती. आपले वैद्य पांडुरोगावर मंडूर भस्म देत आले. मंडूर म्हणजे लोखंडाचा जुना कीट.

आज तेच लोखंड आशाताई गोळीतून देते. पण गोळ्या डब्यातच राहतात. शौचाला काळं होतं म्हणून बाया घाबरतात. घाबरू नका, गोळीने तसं होतंच. जेवणानंतर घ्या, लिंबू पिळून घ्या. चहासोबत नको, चहा लोखंड अंगी लागू देत नाही.

आणि पाळीत रक्त फार जात असेल, तर सांगा, अंगावर काढू नका. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली, ती १९८९ साली छापून आली. शंभरातल्या ब्याण्णव जणींना अंगावरचं काही ना काही दुखणं होतं. त्याआधी तपासून घेतलं होतं शंभरात जेमतेम आठ जणींनी.

लेखणी खाणाऱ्या पोरीला चापट मारू नका. खालची पापणी ओढून पाहा. आतून पांढरी दिसली, तर दवाखान्यात नेऊन हिमोग्लोबिन तपासा. ते बारापेक्षा कमी भरलं, तर गोळी त्याच दिवशी सुरू करायची.