"पडीक, गवत"
(गतवर्षीच्या गणेशोत्सवात मंडळात केलेले भाषण)



झाडाझुडपांवर बोलायला डिप्लोमावाला रेल्वे इंजिनिअर कशाला, असे काहींना वाटले असेल. म्हणून आधी थिओडोर कुक यांचे नाव घेतो. हे आयरिश गृहस्थ १८६० मध्ये बी.बी. अँड सी.आय. रेल्वेत इंजिनिअर म्हणून आले. वसईचा लोखंडी पूल त्यांच्या देखरेखीखाली झाला. पुढे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे ते प्राचार्य झाले आणि १९०१ ते १९०८ या काळात त्यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. अभ्यासक तो आजही उघडतात. तेव्हा मी काही पहिलाच नव्हे!

माझा संबंध मात्र एका चुकीतून आला. नोकरीच्या सुरुवातीला सोलापूरकडे लाइनच्या सर्व्हेवर होतो. चेनेज, लेव्हल, नाला, विहीर, सगळे नोंदवायचे. माळ लागला की शेऱ्यात एकच लिहायचे, "पडीक, गवत". माझे मेहुणे कॉलेजात बॉटनी शिकवतात. ते एकदा ऑगस्टमध्ये मला नान्नजजवळच्या माळावर घेऊन गेले. चार खुंट्या ठोकल्या, सुतळीने एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखला आणि म्हणाले, "दाजी, यात किती प्रकार?" मी म्हटले, दोन. ते गुडघे टेकून बसले. कुसळी, मारवेल, पवन्या... दोन्ही हातांची बोटे संपली तरी चौकोन संपेना. माझ्या कितीतरी शेऱ्यांची मला तिथेच लाज वाटली.

हे काम आपल्या सर्व्हेसारखेच आहे. गवतासाठी एक मीटरचा चौकोन, झुडपांसाठी पाच, झाडांसाठी दहा मीटरचा. चौकोन वाढवत न्यायचे. नवी नावे मिळेनाशी झाली की त्या जागेपुरते बरेचसे हाती आले. ओळख न पटलेली फांदी फुलासकट वर्तमानपत्रात दाबायची. जागा, तारीख आणि फुलाचा रंग तिथल्या तिथे लिहायचा, कारण वाळल्यावर रंग उडतो. कमी पावसाच्या मुलखात वेळ सर्वांत महत्त्वाची. कित्येक रोपे पाऊस पडल्यावर उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि काही आठवड्यांत संपतात. मे महिन्यात गेलात तर "पडीक" हाच शेरा येणार. माझे सर्व्हे बहुतेक उन्हाळ्यातच व्हायचे, हेही सांगून टाकतो.

आता आपल्या दारातले बघा. मुनिरक्याच्या मागे अरवलीचा खडक आहे, तोही कोरडाच मुलूख. जे.एन.यू.च्या आवारात किंवा संजय वनात गेलात तर आपली ओळखीची मंडळी भेटतील: हिवर, जिला इथे रोंझ म्हणतात; नेपती, म्हणजे इथली कैर; पळस म्हणजे ढाक. दिल्लीच्या वनस्पतींवर जे. के. माहेश्वरी यांचा ग्रंथ १९६३ मध्येच आला. पण रिजवर सगळीकडे हिरवे दिसते ते बरेचसे विलायती कीकर, आपली वेडी बाभूळ. अमेरिका खंडातून आणलेले हे झाड आपल्याखाली दुसऱ्याला सहसा वाढू देत नाही. लांबून हिरवेगार, पण चौकोन आखला की नावे थोडी. वसंत विहारजवळच्या अरावली जैवविविधता उद्यानात, जुन्या खाणींच्या जागेवर, ते हटवून मूळची झाडे परत आणली आहेत.

शेवटी पत्रीबद्दल, कारण दरवर्षी घोटाळा होतो. शमी म्हणजे हरियाणाची जांटी, राजस्थानची खेजडी. वेडी बाभूळ तिची चुलत बहीण शोभते, म्हणून आपण फसतो. शमीचे काटे लहान आणि पेरांच्या मधल्या भागावर विखुरलेले असतात. वेड्या बाभळीचे मोठे, पानाच्या बेचक्यापाशी. आज सकाळी पूजेच्या तबकात शमी म्हणून जे ठेवले होते, ते मी चष्मा लावून पाहिले. गुरुजींना अजून सांगितलेले नाही.